साटंलोटं

दर चौदा एप्रिलला आपल्यापैकी कुणीतरी माईक हातात घेऊन सांगतो, बाबासाहेब अमेरिकेला गेले, लंडनला गेले, एवढ्या एवढ्या पदव्या घेऊन आले. टाळ्या पडतात. मग गाणं लागतं. पण गेले कसे, ते कुणी सांगत नाही. पैसे कुणी दिले, किती दिले, कुठल्या कागदावर सही घेतली, कधी बंद केले, हे सांगायचं राहूनच जातं. भाषण करणाऱ्याला वाटतं, एवढ्या मोठ्या माणसाबद्दल पैशाचं काय बोलायचं! मी म्हणतो, पैशाचंच बोला. समोर सतरंजीवर बसलेल्या पोरांत दोन-तीन पोरं अशी असतात, की पदव्यांची यादी ऐकून त्यांच्या हाती काही लागत नाही. महिन्याला साडेअकरा पौंड म्हटलं की कान टवकारतात.

तर साडेअकरा पौंड. साल १९१३. बडोद्याच्या सयाजीरावांनी तीन वर्षांसाठी दिले. बदल्यात लिहून घेतलं, की शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले, कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ ला एम.ए. झाले. ९ मे १९१६ ला प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. वय पंचवीस. त्याच वर्षी लंडन. तिथं अभ्यास निम्म्यावर आला आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ ला परत यावं लागलं. करारातली नोकरी करायला बडोद्याला गेले, तर राहायला जागा मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत उतरले, तर लाठ्या घेऊन माणसं आली आणि बाहेर काढलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्या लिखाणाचं नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. बघा म्हणजे, नाव व्हिसाचं आणि गोष्टी सगळ्या आपल्याच देशातल्या! आज कोलंबियात ते पोरांना वाचायला लावतात.

लंडन विद्यापीठानं चार वर्षांच्या आत परत यायची मुभा दिली होती. ती तारीख डोक्यात ठेवून बाबासाहेबांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पगारातून पैसे साठवले. थोडी मदत शाहू महाराजांनी केली. नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले. १९२० ला परत लंडन. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. पहिल्या खेपेला करार करून गेले, दुसऱ्या खेपेला साठवून आणि उसने घेऊन. दोन्ही वेळा मुदत, सही, परवानगी. बुद्धी तर होतीच. पण बुद्धी असलेले आपले किती लोक त्या साली गावकुसाबाहेर ढोरं ओढत होते, त्याची नोंद कुठं आहे?

हे झालं शिष्यवृत्तीचं. तिच्यात निदान आपल्या नावाच्या काही जागा आहेत. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. वर्षाला १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींच्या. राज्याची शाहू महाराजांच्या नावाची योजना २००३ पासून आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी, ७५ जागा. त्यांच्याकडं मी नंतर येतो. मला आधी बोलायचंय ते दुसऱ्याच एका दाराबद्दल. त्या दाराला विद्यापीठात ‘आंतरराष्ट्रीय आदानप्रदान’ म्हणतात, आणि आपल्या पोरांना ते दार आहे हेच माहीत नसतं.

आदानप्रदान म्हणजे काय? दोन विद्यापीठं आपसात करार करतात. इकडचा विद्यार्थी एक सेमिस्टर तिकडं, तिकडचा इकडं. फी ज्यानं त्यानं आपल्याच विद्यापीठात भरायची. तिथं पास केलेल्या विषयांचे क्रेडिट इथं धरायचे. मास्तरांचंही तसंच. तिकडचा मास्तर इथं येऊन शिकवणार, इकडचा तिकडं. युरोपात या योजनेला इरॅस्मस म्हणतात. १९८७ ला सुरू झाली तेव्हा युरोपातल्या युरोपातच होती. २०१५ पासून तिच्यात आपल्यासारख्या देशांतली विद्यापीठंही करार करून शिरू शकतात. विद्यार्थ्याला दोन महिन्यांपासून बारा महिन्यांपर्यंत, मास्तराला पाच दिवसांपासून दोन महिन्यांपर्यंत. राहण्याखाण्याचे आणि प्रवासाचे पैसे तिकडून मिळतात. मात्र तुम्ही घरी बसून परस्पर अर्ज टाकायची सोय नाही. तुमच्या विद्यापीठानं तुमचं नाव पाठवायला पाहिजे. नॉमिनेशन. सगळी गोम त्या एका शब्दात आहे.

मला हा शब्द कळायच्या आधी माझ्या आत्याला त्यातला अर्थ कळला होता. मी कॉलेजात होतो, नामांतराच्या आगेमागे, तेव्हा आमच्या वस्तीत अमेरिकेतल्या कुठल्याशा कॉलेजची एक मुलगी आली. पाठीवर पिशवी, गळ्यात टेपरेकॉर्डर. मराठी शिकून आलेली. आमच्या बायका जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या म्हणतात, त्या तिला हव्या होत्या. पोरगी चांगली होती. आत्यासोबत खुरपायला गेली, हातावर फोड आणले, खाली मांडी घालून जेवली. तिलाही आत्या ‘आत्या’च झाली. एकदा रात्री आत्यानं तिला विचारलं, “तुला पाठवलं कुणी गं?” ती म्हणाली, “आमच्या कॉलेजनं. एक्सचेंज प्रोग्रॅम आहे.” आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “अदलाबदल, आत्या.” आत्या हसली. “म्हंजे साटंलोटं का?”

साटंलोटं काय असतं ते खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. त्यांची पोरगी आपल्या घरात, आपली त्यांच्या घरात. हुंड्याचा प्रश्न मिटतो. आत्यानं बोटं मोडत हिशेब केला आणि म्हणाली, “मग बाई, तू इकडं आलीस, तर तुझ्या बदल्यात इकडनं तिकडं कोण गेलं?”

त्या मुलीला उत्तर देता आलं नाही. तिची काही चूक नव्हती. उत्तर होतं, ते आम्हाला माहीत होतं. इकडून कुणीतरी गेलं असणारच, पण ते आमच्या वस्तीतलं नव्हतं. आमच्या ओव्या गेल्या, कॅसेटमधून.

आता इथं गैरसमज नको. बाहेरून आलेल्यांनी आपल्यावर लिहिलं, ते उपकार विसरायचे नाहीत. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ ला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बाबासाहेब आणि महार चळवळीवर प्रबंध दिला. तेव्हा इथल्या विद्यापीठांत तो विषय विषयच नव्हता. गेल ऑम्वेट अमेरिकेतून आल्या, सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर १९७३ ला बर्कलेत पीएच.डी. केली, मग इथल्याच झाल्या आणि २०२१ ला कासेगावात गेल्या. अशी माणसं लाखात एक. त्यांच्यामुळं आपलं नाव तिकडच्या लायब्ररीत गेलं. तिथल्या मध्यपश्चिम भागातली कॉलेजं एकत्र येऊन १९६९ पासून पुण्याला पोरं पाठवू लागली, मराठी शिकायला. मराठी शिकायला अमेरिकेतून पोरं येतात, आणि आपल्या पोराला इंग्रजी येत नाही म्हणून केबिनबाहेर उभं करतात. मला बोचतं ते हे.

केबिनचंही सांगून टाकतो. मी एम.ए.ला होतो. आमच्या विभागाचा एका परदेशी विद्यापीठाशी करार झाला, दोन विद्यार्थी एका सेमिस्टरसाठी जायचे. नोटीस आली ती बोर्डावर लागलीच नाही. विभागप्रमुखांच्या ड्रॉवरात राहिली. मला कळलं ते शिपायाकडून. शिपाई आपलाच, झाडताना त्यानं कागद वाचला. मी आत गेलो. प्रमुख म्हणाले, “अरे, आज शेवटची तारीख. तुझा पासपोर्ट आहे का?” हॉस्टेलवर दीडशे पोरं होतो. पासपोर्ट एकाकडंही नव्हता. पासपोर्ट ज्यांच्याकडं होता त्यांच्या घरी तो आधीपासूनच कपाटात होता. मामा दुबईत, काका न्यू जर्सीत. निवड अर्ध्या तासात झाली. मी तरी उभाच होतो. तेव्हा ते मऊ आवाजात म्हणाले, “आणि तिथं जेवणाचे फार हाल होतात रे. तुला सोसणार नाही.”

मी म्हटलं, “सर, हाल तुमच्याकडच्या पोरांचे होतील. आमच्यात वर्ज्य काहीच नाही.”

त्यानंतर त्यांनी मला अंतर्गत परीक्षेत किती गुण दिले ते इथं लिहीत नाही.

आता काळ बदलला म्हणतात. बदललाय, खोटं कशाला बोलू. ड्रॉवरच्या जागी वेबसाईट आली. यूजीसीनं २०२१ ला विद्यापीठांना सांगितलं, की परदेशी कारभारासाठी वेगळं कार्यालय काढा. पुष्कळांनी काढलं. काचेचं दार, आत एसी, भिंतीवर जगाचा नकाशा. मी आता एका तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो. आमची एक मुलगी, बाप मोंढ्यात हमाली करतो, तिथं गेली. “सर, त्या मॅडम म्हणाल्या, नावं गेली.” कधी गेली? दिवाळीच्या सुट्टीत. नोटीस किती दिवस होती? चार. सुट्टीत हॉस्टेल बंद, पोरं ऊसतोडीला नाहीतर सोयाबीन काढायला, आणि नोटीस चार दिवस इंटरनेटवर. ड्रॉवर परवडला, तिथं निदान झाडणारा शिपाई तरी होता.

मग आम्ही माहितीचा अधिकार टाकला. दहा रुपये. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, म्हणून तीन पोरांनी तीन अर्ज टाकले. गेल्या दहा वर्षांत किती परदेशी करार केले? त्यांतून किती विद्यार्थी आणि किती प्राध्यापक गेले, प्रवर्गनिहाय? निवड समितीत कोण होतं, नोटीस किती दिवस लावली? तीस दिवसांच्या आत उत्तर आलं, त्याबद्दल त्यांचे आभार. उत्तर असं: प्रवर्गनिहाय माहिती संकलित केली जात नाही. नावं देता येत नाहीत, वैयक्तिक माहिती आहे.

प्रवेशाला जात लिहून घेता. फी माफीला लिहून घेता. हॉस्टेलला, परीक्षेच्या फॉर्मला, निकालाच्या शीटवर सगळीकडं आमची जात तुम्हाला पाहिजे. विमानाला लागतो तेवढीच नको?

नावं देत नाहीत तर नका देऊ. विद्यापीठाचे वार्षिक अहवाल लायब्ररीत असतात. त्यात कुलगुरूंच्या शेजारी उभे राहून काढलेले फोटो असतात आणि फोटोखाली नावं छापलेली असतात. आम्ही चार वर्षांचे अहवाल काढून बसलो. आडनावं वाचायला आम्हाला संकलित माहिती लागत नाही. महाराष्ट्रात जन्म गेलाय.

कुणी म्हणेल, आदानप्रदानात आरक्षण नसतं, ती गुणवत्तेची गोष्ट आहे. बरोबर, आरक्षण नाही. रोस्टर नाही, जाहिरात नाही, अपिलाची सोय नाही. सामान्य नोकरीच्या जाहिरातीला जेवढा कायदा लागतो तेवढाही इथं नाही. आणि गुणवत्ता कुणाची मोजायची, तर तीही वरूनच चाळून आलेली. यूजीसीचे २०२२ चे नियम बघा. परदेशी विद्यापीठाबरोबर संयुक्त पदवी, दुहेरी पदवी, ट्विनिंग करायचं तर कॉलेजला नॅकचे निदान ३.०१ गुण पाहिजेत, नाहीतर एनआयआरएफच्या पहिल्या शंभरात नाव पाहिजे, किंवा सरकारनं ठरवलेली प्रतिष्ठित संस्था पाहिजे. आपली पोरं कुठं शिकतात? तालुक्याला, संस्थाचालकाच्या दोन मजली इमारतीत. तिथं लायब्ररीला कुलूप आणि भौतिकशास्त्राला मास्तर नाही. तिथल्या पोराचा नियम न वाचताच निकाल लागला.

मास्तरांची गोष्ट वेगळी नाही. अमेरिकेची फुलब्राइट घ्या. भारताशी तिचा करार २ फेब्रुवारी १९५० चा. २००८ पासून दोन्ही सरकारं मिळून पैसे घालतात, म्हणून फुलब्राइट-नेहरू नाव. ही खुली स्पर्धा, अर्ज आपणच करायचा. इथं तर नॉमिनेशनचा खोडा नाही असं वाटेल. पण नोकरीत असलात तर मालकाची संमती पाहिजे, एवढे दिवस रजा देतो असं कॉलेजनं लिहून द्यायला पाहिजे. इरॅस्मसवर शिकवायला जायचं तर तुम्ही त्या संस्थेत नोकरीला पाहिजेत. आणि आपले नेट-सेट झालेले, पीएच.डी. झालेले किती भाऊ-बहिणी आज तासिका तत्त्वावर आहेत? ज्याला तासाचे पैसे सहा-सहा महिने मिळत नाहीत त्याला रजा कसली देणार? रजा द्यायला आधी नोकरी पाहिजे. जे परमनंट आहेत त्यांचं ना हरकत पत्र संस्थेच्या अध्यक्षाच्या सहीवर अडतं. माझं स्वतःचं एकदा अकरा महिने अडलं. सही झाली त्या दिवशी तिकडची मुदत संपून तीन आठवडे झाले होते. अध्यक्ष भेटले तेव्हा म्हणाले, “सर, पुढच्या वर्षी जा की, अमेरिका कुठं पळून चालली?”

पळून नाही, पण दार लोटून घेतेय खरी. २०२५ च्या जूनमध्ये फुलब्राइटच्या मंडळातल्या बारापैकी अकरा जणांनी राजीनामे दिले, का तर निवडलेल्या लोकांची नावं सरकार मधेच खोडायला लागलं. तेव्हा भरोसा एकाच दारावर ठेवायचा नाही.

आता ती आपल्या नावाची शिष्यवृत्ती. केंद्राची. वय पस्तिसाच्या आत, साठ टक्के गुण, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, विद्यापीठ जगाच्या क्यूएस यादीत पहिल्या पाचशेतलं. तीस टक्के जागा मुलींना. हे ठीक. पण २०२२ च्या नियमांत एक कलम घातलं गेलं, की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. कारण काय, तर हे विषय देशातच शिकता येतात.

आता परत ९ मे १९१६ वर या. न्यूयॉर्क. गोल्डनवायझरांचा सेमिनार. विषय: भारतातल्या जाती. आजचं कलम त्या दिवशी असतं, तर सयाजीरावांच्या कारकुनानं साडेअकरा पौंड थांबवून लिहिलं असतं, सदर विषय योजनेत बसत नाही. आपल्या पोरानं तिकडं जाऊन मशीन शिकावं, औषध शिकावं, कॉम्प्युटर शिकावा. जरूर शिकावं. पण जात शिकायची तर इथंच शिक, इथल्याच गाईडच्या हाताखाली, जो गाईड तुझं आडनाव ऐकून विषय बदलायला सांगतो. परदेशातली माणसं आपल्यावर अभ्यास करायला इकडं येणार, त्यांना व्हिसा. आपण आपल्यावरच अभ्यास करायला तिकडं जायचं म्हटलं तर पैसे नाहीत.

आणि पैशाचं सांगायचं तर २०२५ च्या जुलैत निवड झालेल्या १०६ जणांपैकी पहिल्यांदा ४० जणांनाच पत्रं निघाली. ६६ जणांना सांगितलं, निधी उपलब्ध झाला तर बघू. ज्या पोराच्या हातात तिकडच्या विद्यापीठाचं पत्र आहे, सप्टेंबरात वर्ग सुरू होणार आहेत, त्याला जुलैत सांगायचं, बघू. १९१७ ला बाबासाहेबांचा अभ्यास अर्ध्यावर तुटला. या पोरांचा सुरूच होण्याआधी.

तरीही जायला पाहिजे, असं माझं मत आहे. आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, परदेश म्हणजे करिअर, चळवळीला माणूस उरत नाही. काही जण खरंच उरत नाहीत. तिकडं जाऊन आडनाव बदलून बसलेलेही असतील. पण पँथर हे नाव १९७२ ला आपण कुठून घेतलं? अमेरिकेत ओकलंडला १९६६ ला काळ्यांनी ब्लॅक पँथर काढली, तिच्यावरून. १९४६ ला बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं, की काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडं अर्ज केलाय त्याच्या प्रती पाठवा. त्याला ना शिष्यवृत्ती लागली, ना नॉमिनेशन. हे खरं साटंलोटं.

आणखी एक सांगतो, हे फार कमी पोरांना माहीत आहे. हंगेरी नावाचा देश आहे, युरोपात. तिथं रोमा म्हणून जमात आहे. गावाबाहेर वस्ती, शाळेत वेगळा वर्ग, पोलिसांचा पहिला संशय त्यांच्यावर. ओळखीचं वाटतंय ना? त्यांच्यातल्या एका शिक्षकानं, यानोश ओर्शोश त्यांचं नाव, बाबासाहेबांबद्दल वाचलं. मग ते महाराष्ट्रात आले, आपल्या लोकांत राहिले, परत गेले आणि त्यांनी आणि त्यांच्या मित्रानं २००७ ला शायोकाझा नावाच्या गावात रोमा मुलांसाठी शाळा काढली. शाळेचं नाव डॉ. आंबेडकर. संघटनेचं नाव जयभीम. आपल्या विद्यापीठांच्या करारांच्या फायलींत हंगेरी असेल नसेल, मला सांगा, तिथं आपला एखादा बी.एड. झालेला पोरगा दोन महिने शिकवायला गेला तर ते आदानप्रदान कुणाला खुपेल?

जाणाऱ्यानं एवढं मात्र धरून चालावं, की जात विमानात बसून आधीच पोचलेली असते. तिकडं भारतीय पोरं मिळून घर घेतात, स्वयंपाकघरात आडनाव विचारतात. म्हणून तर ब्रँडाइस विद्यापीठानं २०१९ ला आपल्या भेदभावविरोधी नियमांत जात हा शब्द घातला. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठानं २०२२ ला घातला. सिएटल शहरानं २०२३ ला कायदाच केला. त्याच साली कॅलिफोर्निया राज्याचं विधेयक मात्र गव्हर्नरनं परत पाठवलं. अर्ज करताना विद्यापीठाचा तो नियम आधी वाचावा. तो छापून बॅगेत ठेवावा, लोणच्याच्या बरणीशेजारी.

बाकी कामाचं. पासपोर्ट सगळ्यांत आधी, कुठंही जायचं ठरलेलं नसलं तरी. पंधराशे रुपये, दहा वर्षं चालतो. जन्मदाखल्यावरचं नाव, शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकसारखं करून घ्या. मास्तरानं शाळेत घालताना घातलेल्या नावानं आपल्या निम्म्या पोरांचे अर्ज पडतात. जात पडताळणी लांबवू नका. ब्रिटनच्या चेव्हनिंगचे अर्ज ऑगस्टात सुटतात. तिला २,८०० तास कामाचा अनुभव लागतो, त्यात अर्धवेळ आणि बिनपगारी कामही धरतात. म्हणजे समाजमंदिरात तुम्ही चालवलेली अभ्यासिका धरली जाऊ शकते, लिहून ठेवा. इरॅस्मस मुंडसच्या मास्टर्सचे अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारी, तिथं नॉमिनेशन लागत नाही, थेट टाकायचा. इंग्रजीच्या परीक्षेला सतरा-अठरा हजार जातात. काही विद्यापीठं त्याऐवजी इंग्रजी माध्यमात शिकल्याचं पत्र घेतात, पैसे भरायच्या आधी विचारा. आम्ही दर रविवारी अकरा वाजता समाजमंदिरात फॉर्म घेऊन बसतो. आमच्याकडं एक कॉम्प्युटर आहे, तो चालतो.

त्या हमालाच्या मुलीचा पासपोर्ट आला. त्याच्या चौकशीसाठी पोलीस वस्तीत आला तेव्हा बाप मोंढ्यातून धावत घरी आला, कुणाचं पोरगं उचललं म्हणून. पोलिसानं दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, चहा घेतला, आणि शंभर रुपये मागितले. दिले नाहीत. ती एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यापीठातून नावं जायची आता एकच खेप तिच्या हातात आहे. नोटीस निदान पंधरा दिवस आधी, सुट्टी सोडून, प्रत्येक कॉलेजच्या आणि हॉस्टेलच्या बोर्डावर कागदावर लागली पाहिजे, निवडीचे निकष आणि समितीची नावं त्यावर छापली पाहिजेत, आणि गेलेल्यांची प्रवर्गनिहाय यादी दरवर्षी जाहीर झाली पाहिजे, एवढंच निवेदन आम्ही कुलगुरूंना दिलंय. पोच घेतलीय. तिन्ही अर्जांवर पहिलं अपील टाकलंय. सुनावणीची तारीख आली की कळवतो. यायचं असेल त्यांनी सकाळच्या पहिल्या एस.टी.नं यावं, दुसरी उशिरा पोचते.

जयभीम.